जाळीपुढचा कोरा बर्फ

ताइस्तो चिडला की एरवी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. त्या सकाळी मात्र पेपर वाचून असा काही ओरडला, की शेजारची म्हातारी खिडकीत आली. बर्फावर, चेंडूऐवजी चकतीनं हॉकी खेळणाऱ्या गावच्या संघाचा प्रशिक्षक यार्को, यानं चक्क छापून आणलं होतं: "बर्फच खराब. चकती उसळते. पॉवर प्ले चालणार कसा?"

आता पॉवर प्ले म्हणजे काय, तर समोरचा एक गडी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर. आपले पाच, त्यांचे चार. इतकं ताट वाढून मिळाल्यावरही यांना जेवता येत नाही! चौतीस संधी, गोल एक. आणि दोष कुणाचा? ताइस्तोच्या बर्फाचा!

एकतीस वर्षं हा माणूस गावच्या हॉकीच्या हॉलमधला बर्फ राखत होता. पहाटे पाचला आला की आधी तळहात टेकवून बघायचा, मग बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीत पाणी भरायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा बर्फावर गाडी फिरवली आणि मगच चर्चला गेला. आज दुपारी नगरपालिकेची बैठक होती. त्याचं काम शहरातल्या कंपनीला द्यायचं का, हे ठरणार होतं. यार्कोचं ते वाक्य तिथं वाचलं जाणार, हे पोरंसोरंही जाणून होती.

नऊला सराव झाला. ताज्या बर्फावर अर्धा तास नुसता पॉवर प्ले. समोर कुणी नाही, गोलकीपरच्या जागी फळी. पाचही जण कपडे बदलायला गेले. बर्फ साफ करायची वेळ झाली, पण ताइस्तो गाडीची किल्ली खिशात घालून बसून राहिला.

"ताइस्तो, गाडी काढा ना. नाचाच्या वर्गाच्या पोरी खोळंबल्यात," यार्को म्हणाला.

"नाही काढत जा! आधी इकडे ये."

दंडाला धरून त्यानं यार्कोला गोलच्या जाळीपर्यंत ओढत नेलं.

"बघ. कडेकडेनं स्केटनी सगळा नांगरून ठेवलाय. आणि इथं?"

जाळीपुढचा बर्फ सकाळी ओतला तसाच चकचकीत होता. एक ओरखडा नव्हता.

"पाचातल्या एकाही शहाण्याला इथं उभं राहायची छाती नाही. अंगाला चकती लागते ना! सामन्यात गोलकीपरला सगळं आरामात दिसतंय, तो अडवणारच. आणि तू माझ्या नावानं बोंब मारतोस?"

"पेपरवाल्याला काहीतरी सांगावं लागतं हो..."

"म्हणून मला पुढे केलंस? सतरा वर्षांचा होतास तेव्हा याच जागेवरून तुझे दोन दात वेचलेत मी, या हातांनी! रक्त खरवडून काढलं. पण गोल झाला होता. आठवतंय का काही?"

यार्कोची जीभ नकळत खोट्या दातांकडे गेली. मग तिथंच उभं राहून त्यानं नगराध्यक्षांना फोन लावला.

"बर्फ उत्तम आहे. मी खोटं बोललो. हो, बैठकीत वाचून दाखवा, माझ्या नावानं."

फोन ठेवून त्यानं पाचही जणांना हाका मारल्या, कुणाचं तरी हेल्मेट चढवलं आणि स्वतःच जाळीपुढे उभा राहिला.

"मारा!"

पहिली चकती मांडीवर बसली. तो कळवळला, पण हलला नाही.

"हेच काल सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का?" ताइस्तो कठड्यापलीकडून ओरडला. त्याचा राग उतरला नव्हता.

पंधरा मिनिटांत जाळीपुढचा बर्फ पार उकरला गेला. ताइस्तोनं तो नीट बघितला, एक सणसणीत शिवी हासडली आणि खिशातून किल्ली काढली.