सातच्या बातम्यांना जोहार

ये, जरा अशी सरकून बस. पत्र वाचायचं म्हणून काय इतक्या लांबून वाचतात? फोनवर दर वेळी ‘येते हो, नक्की येते’ म्हणतेस. उन्हाळा सरला, पावसाळा निम्मा झाला, तरी तुझा पत्ता नाही. आता निदान कान तरी इकडे दे. आणि आत आल्याआल्या नाक मुरडू नको. भात करपला आहे, मला माहीत आहे. बुडाशी काळी खरपुडी धरली, वास पार अंगणातल्या पारिजातकापर्यंत गेला, आणि सूनबाई आतून म्हणाली, “आई, तुम्ही स्वयंपाकघरात होता ना?” होते तर. पण एक पाय स्वयंपाकघरात आणि एक टीव्हीपुढे. बातम्या संपायची वाट बघत होते. हल्ली बातम्या संपतच नाहीत गं, आणि सुरू कधी झाल्या तेही नीट कळत नाही. मग भातानं तरी काय करावं?

तुला हसू येईल, पण या घरातला भात कित्येक वर्षं सातच्या बातम्यांवर शिजला. ठळक बातम्या सुरू झाल्या की पातेलं चुलीवर, हवामान आलं की निखारे मागे ओढायचे. त्या अर्ध्या तासात ना दाणा कच्चा राहिला, ना कधी बूड लागलं. घड्याळ मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीत होतं, तिथं वारंवार कोण जाणार? मामाजी लाकडाच्या डेपोवर चौकीदार होते. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी टीव्ही आणला आणि घरात न ठेवता ओसरीवर ठेवला, अंगणाकडे तोंड करून. “घरात ठेवला तं एका घराचा होईल,” म्हणाले. मुलचेऱ्याच्या या बाजूला तेव्हा आमच्या टोल्यावर, या एवढ्याशा वस्तीत, दुसरा टीव्ही नव्हता. सायंकाळ झाली की बाया सुपात पळसाची पानं घेऊन येत. पत्रावळी लावायच्या असत. मान खाली, बोटं पानात, बांबूची काडी टोचत जायचं आणि कान मात्र बातमीकडे. बातम्या ‘पाहायला’ कोणी येतच नव्हतं, हे आता इतक्या वर्षांनी ध्यानात येतं. आम्ही त्या ऐकत होतो. वाचणारी बाई एकेक शब्द असा स्वच्छ उचलून ठेवायची, की मान वर करण्याची गरजच पडू नये.

मान वर व्हायची ती फक्त दोनदा. सुरुवातीला ती ‘नमस्कार’ म्हणायची तेव्हा, आणि शेवटी कागद जुळवून पुन्हा ‘नमस्कार’ म्हणायची तेव्हा. दारी आलेल्यानं नमस्कार केला आणि घरातल्यांनी उत्तर दिलं नाही, हे कसं चालेल? मामाजी बाजेवर सरळ बसून छातीशी हात नेत आणि खणखणीत म्हणत, “जयभीम, बाई!” कोणी म्हणे “नमस्कार हो!” आणि खांबाला टेकून बसलेली भामरागडवाली दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन म्हणे, “जोहार!” त्या बातमीवालीला कधी कळलं नसेल, की तिच्या एका नमस्काराला रानाच्या कडेच्या एका अंगणातून इतकी उत्तरं जातात. आम्हालाही ते तिला कळावं असं वाटत नव्हतं. उत्तर दिलं की आपलं काम झालं.

भामरागडवाली कोण, ते सांगायचं राहिलंच. आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या गावावरून हाक मारतात. मी कोळशाच्या धुळीतून आलेली म्हणून घुग्घुसवाली, आणि ती नद्यांच्या संगमापलीकडची म्हणून भामरागडवाली. ती गोंडाची, मी बौद्धाची. दोन घरांमध्ये एक कुडाचं कुंपण, तेही शेळीनं खाऊन अर्धं केलेलं. ती आणि मी एकाच वर्षी या टोल्यावर नांदायला आलो. तिला मराठी अडखळत यायची, गोंडी मला मुळीच येत नव्हती. खरं सांगायचं तर आम्हा दोघींची बोली या अंगणात, त्या बातम्यांखाली बसूनच एकमेकींना समजू लागली. ती विचारी, “हे काय म्हणली वं?” मी माझ्या परीनं सांगे. माझं सांगणं मूळ बातमीपेक्षा लांब होई, म्हणून मामाजी ओरडत, “घुग्घुसवाली, बातमीवालीले बोलू दे आधी, मंग तू बोल!”

एकदा ती बातमीवाली कित्येक दिवस दिसलीच नाही. दुसरीच कोणी वाचू लागली. अंगणात चिंता पसरली. भामरागडवालीनं काडी टोचता टोचता निकाल दिला, “बायतपणाले गेली असन माहेरी.” मग सगळ्यांना ते पटलं, आणि ती परत आली त्या सायंकाळी तिच्या नमस्काराला उत्तर देण्याआधी एकीनं टीव्हीलाच विचारलं, “पोरगा झाला का पोरगी वं?” ती गंभीर चेहऱ्यानं विधानसभेची बातमी सांगू लागली आणि आम्ही पानांच्या सुपात तोंड घालून हसत बसलो. मामाजीसुद्धा हसले. वेडेपणाच होता तो. पण अशा वेडेपणानं माणूस माणसाच्या किती जवळ बसतो!

पावसाळ्यात मात्र हसणं थांबे. हवामान आलं की भामरागडवालीची काडी हातातच राही. त्यांच्यात रीत आहे, लेक शक्यतो आपल्या भावाच्या घरी द्यायची. तशी तिनं तिची एकुलती एक लेक माहेरी दिली होती. मधे नदी. पूर आला की पूल पाण्याखाली आणि रस्ता बंद, मग तिकडचं चिटपाखरू इकडे येत नाही. त्या काळात तिच्या लेकीची खबर सांगणारं जगात एकच माणूस होतं, ती बातमीवाली. “भामरागडचा संपर्क तुटला आहे,” एवढंच ती सांगे. पण माहेराचं नाव कानावर पडताच ही डोक्यावर पदर ओढून घेई, एखाद्या वडीलधाऱ्यानं हाक मारावी तशी. आणि चार दिवसांनी “पूर ओसरला, वाहतूक सुरू” असं वाक्य आलं, की उठून माझ्या चुलीपाशी येऊन म्हणे, “टाक वं, माह्याही वाटचा भात टाक आज.” तेवढं एक वाक्य तिला पुरे होतं.

मग दिवस बदलले, ते काय तुला नव्यानं सांगायचं? घराघरांत टीव्ही आले, छपरांवर थाळ्या बसल्या, मामाजी गेले, ओसरीवरचा टीव्ही आतल्या खोलीत गेला. मामाजी म्हणाले होते तसा एका घराचा झाला. पत्रावळींच्या जागी लग्नांत कागदी प्लेटा आल्या. भामरागडवालीनं पानं टोचणं तरीही सोडलं नाही, आपल्या दारात एकटी टोचत बसे. गेल्या वर्षी तिचा नवरा वारला. तेव्हापासून लेक मागे लागली होती, माझ्याकडे ये म्हणून. हिचं मन होईना. यंदा लेकीनं निरोप धाडला, पाणी लागायच्या आत ये, नाहीतर रस्ता बंद होईल. ही रोज सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणे, “जाऊ का नको वं?” आणि मी रोज म्हणे, “नको.” तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या गुडघ्यांत वात. दोघींची मिळून एक धड म्हातारी होत होती. तिला जाऊ द्यायचं म्हणजे माझं काय उरणार होतं, सांग?

त्याच सुमाराला टीव्हीवर जाहिरात दिसू लागली, सातच्या बातम्या नव्या रूपात येणार. घुग्घुसहून भावाचा फोन आला, “बाई, पाहजो बरं, एकदम दिल्लीवानी करून राह्यले म्हणते.” सूनबाईनं मोबाईलवर झलक दाखवली. माझ्या मनात वेगळंच काही उजळलं. जुन्या बातम्या परत येणार, म्हणजे ती सायंकाळही येईल, ती आली तर अंगण भरेल, आणि भरलं अंगण सोडून कोण कशाला जाईल? म्हातारपणी माणूस असा हिशोब करतो बघ. मी कुंपणापाशी जाऊन तिला म्हटलं, “सांजच्याला ये. सातच्या बातम्या परत येऊन राह्यल्या.”

“मले काय दाखवते वं घुग्घुसवाली? माह्या डोळ्याले धड तूच दिसत नाई.”

“पाह्याचं काय हाये त्याच्यात? आपण कवा पाह्यत होतो? आयकाले ये.”

ती आली. सुपात पळसाची पानं घेऊनच आली. मी मुलाला सांगून टीव्ही पुन्हा ओसरीवर काढला होता. सूनबाईनं चहा केला, समोरच्या दोघी-तिघी आल्या. सात वाजले आणि असा काही ढणढणाट झाला, की भामरागडवालीच्या हातातलं पान फाटलं. त्या आवाजात एक मुलगी चालत चालत आली, हात उडवत. भामरागडवालीनं सवयीनं दोन्ही हात जोडून कपाळाशी नेले आणि थांबली. नमस्काराची वाट बघत. ती मुलगी बोलू लागली होती, मागची भिंत पेटल्यासारखी लाल झाली होती, खाली अक्षरं पळत होती, आणि हिचे हात तसेच कपाळाशी. “म्हणली का वं?” तिनं हळूच मला विचारलं. कदाचित म्हणालीही असेल, त्या ढणढणाटात बुडालं असेल. मी म्हटलं, “म्हणली.” तेव्हा तिनं अर्धवट आवाजात जोहार केला आणि हात खाली घेतले.

मग चौकटी-चौकटींत चार माणसं आली आणि एकमेकांवर ओरडू लागली. “हिचं कोणाशी भांडण झालं का?” ती विचारी. “अन् हे उभी काऊन? तिले बसाले खुर्ची नाई दिली का?” सगळ्या हसल्या. सूनबाईला मात्र आवडलं होतं. “किती मोकळं वाटते आई, ते टेबलच काढलं,” म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. तिचे डोळे चांगले, ती खाली पळणारी अक्षरं वाचत होती, चित्रं बघत होती. तिच्यासाठी त्या बातम्या चांगल्याच होत्या. पण ज्यांची मान पानांत खाली आहे, त्यांच्यासाठी त्यात काहीच उरलं नव्हतं.

शेवटी हवामान आलं. केवढा मोठा रंगीत नकाशा! सूनबाई उत्साहानं म्हणाली, “हे पाहा मावशी, किती छान दाखवतात आता. आपला जिल्हा तिकडे, पार उजव्या कोपऱ्यात.” भामरागडवाली उठली. गुडघ्यावर हात देत टीव्हीपाशी गेली, काचेला नाक लागेल इतकी वाकली. आणि ती मुलगी नेमकी उजव्या कोपऱ्यापुढेच उभी होती. मुंबईचा पाऊस सांगत होती, कोकणाचा सांगत होती, हात लांब करून सगळा महाराष्ट्र दाखवत होती. तिच्या पाठीमागे आमचा जिल्हा, नद्या, पूल, हिची लेक, सगळं झाकलेलं.

“बाजूले सरक ना वं बाई,” भामरागडवाली तिला समजुतीनं म्हणाली, “मले माहेर पाहू दे.”

ती सरकली नाही. जाहिरात लागली. या वेळी कोणी हसलं नाही. भामरागडवाली मागे वळली, सूप उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “इथी बसून वाकून पाहण्यापरीस तिथी जाऊनच पाहतो मी.”

पाणी लागायच्या आत ती गेली. जिनं राहावं म्हणून मी ओसरीवर टीव्ही मांडला, ती त्याच टीव्हीपुढून उठून गेली. कदाचित तशीही गेलीच असती. लेक ती लेक, शेजारीण ती शेजारीण. मी स्वतःला असं सांगते, आणि रात्री उशीर होईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगावं लागू नये म्हणून लवकर झोपते. निघताना तिनं पत्रावळींचा एक गठ्ठा माझ्या ओसरीवर ठेवला. म्हटलं, “इतक्यांचं काय करू? जेवाले हाये कोण?” तर म्हणाली, “येईन ना कोणी.”

आता धो धो पडतो आहे. नदी भरली असेल, पूल बुडाला असेल. तिच्या लेकीचा फोन लागत नाही. मी रोज सातला टीव्हीपुढे उभी राहते, मान वाकडी करून, त्या मुलीच्या खांद्याआडून तेवढा कोपरा दिसतो का बघते. आजही तेच करत होते, आणि इकडे भात करपला. मुलीचा काय दोष, तिला जिथं उभं केलं तिथं ती उभी आहे. पण कधीतरी एकदा सरकावी, एवढंच वाटतं.

म्हणून म्हणते, तू ये. इकडचा रस्ता अजून चालू आहे. पत्रावळी वाळल्यात, पण पाणी शिंपडून ठेवल्या की मऊ होतात. तुझा भात तिच्या हातच्या पानावर वाढीन, आणि करपू देणार नाही, टीव्ही बंदच ठेवीन. फक्त मुकाट्यानं आत येऊ नको. दारातून काहीतरी म्हण. नमस्कार म्हण, जयभीम म्हण, जोहार म्हण. उत्तर द्यायला मी बसलेच आहे. लवकर ये गं.