रविवारी चार ते सहा: पुतणीला घेऊन पाहिलेल्या बागा

हा लेख मी किती दिवस टाळला काय सांगू. ब्लॉगवर एका ताईंनी विचारलं होतं, गिरगाव-दादर-परळ पट्ट्यात लहान मुलांना घेऊन कुठे जाता येईल, खिसा न फाडता? मी लगेच उत्तर ठोकलं, "या आठवड्यात टाकतो." मग मच्छीमार नगरला बोंबील वाळताना बघायला गेलो आणि त्यावरच लिहीत बसलो. मग लालबागमधल्या मसाला कुटून देणाऱ्या दुकानांवर लिहिलं. बागांवर नाही ते नाहीच.

कारण असं, की या बागा मी फिरायला म्हणून पाहिल्याच नाहीत. मी तिथे माझ्या पुतणीला तिच्या बापाकडे पोचवायला जायचो.

पुतणीचं नाव मैत्री, पहिलीत आहे. तिचा बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहतो, वहिनी मैत्रीला घेऊन दादरला माहेरी. लग्नाला वहिनीच्या घरचं कुणी आलं नव्हतं. आमच्या भिंतीवर बुद्ध, त्यांच्याकडे देव्हारा, एवढ्यावरून काय ते समजा. पण संसार मोडला तो त्यावरून नाही. दादाची नोकरी गेली, मग रोजची कटकट, मग एक दिवस वहिनीने बॅग भरली. पुढे समुपदेशनवाल्या बाईंनी ठरवून दिलं: दर रविवारी चार ते सहा बाप-लेकीची भेट, सार्वजनिक बागेत. ना त्यांचं घर, ना आमचं. दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून मध्ये पोचवणारा पाहिजे होता. घरात रिकामटेकडा मीच. बारावीनंतर शिक्षण सोडलं, तेव्हापासून माझी ओळख तीच आहे.

दादरला बिल्डिंगच्या फाटकाशी मैत्रीचे आजोबा उभे असायचे, वहिनीचे वडील. बँकेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. मला कधी वर ये म्हणाले नाहीत. आमच्या चाळीत तर लग्नापासून आजतागायत पाय ठेवला नव्हता. मैत्रीचा हात माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सहाला." मी म्हणायचो, "हो." संपलं संभाषण.

तर पहिली बाग, मलबार हिलवरची, म्हातारीचा बूट आहे ती. आत जायला पैसे पडत नाहीत. वर बस जाते, पण पायात दम असेल तर खालून सिरी रोडची पायवाट धरा, झाडीतून जाते आणि मुंबईत आहोत हे विसरायला होतं. पोरांसाठी पाणी बरोबर घ्या. आम्ही पोचलो तेव्हा दादा आधीच येऊन बसला होता. दाढी केलेली, हातात चिक्कीचं पाकीट.

बुटात फक्त मुलांना सोडतात. मैत्री वरच्या खिडकीतून ओरडली, "बाबा, यात म्हातारी कुठाय?"

"बाहेर आलीय. भेळ खायला चौपाटीवर गेलीय."

"चप्पल न घालता?"

"एकच बूट होता ना तिच्याकडे. लंगडत गेली."

बाजूला उभ्या असलेल्या बायकासुद्धा हसल्या. दादाला असं बोलताना मी खूप दिवसांनी ऐकत होतो. तिथून समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये झाडं कापून जनावरांचे आकार केलेत ते बघितले आणि उतरताना चौपाटीवर भेळ खाल्ली. सहाच्या आत पोचायचं म्हणून शेवटची भेळ टॅक्सीत. ड्रायव्हर म्हणाला, "शेव गिरी तो झाडू आप लगाएगा." तो एक रविवार चांगला गेला. तुम्हाला एकच बाग करायची असेल तर हीच करा.

दुसरी राणीची बाग. तिकीट आहे, पण घरच्यांचं एकत्र काढलं तर परवडतं. बुधवारी बंद असते. पेंग्विनसमोर रविवारी ही रांग असते, त्यामुळे आधी तिकडे जा, वाघ नंतर. मी मात्र गोरखचिंचेच्या झाडाजवळ अडकलो. काय ते खोड! चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. मी त्याचे फोटो काढत राहिलो आणि बाप-लेक पुढे गेले. परत सापडले तेव्हा काचेला नाक लावून उभे होते. मैत्री मागच्या एका मुलीला सांगत होती, "हे माझे बाबा. रविवारी असतात."

दादाने ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. पेंग्विनकडेच बघत राहिला.

तिसऱ्या बागेचं नाव लिहीत नाही. परळच्या एका गल्लीतलं छोटं उद्यान आहे, झोपाळे चांगले, घसरगुंडीखाली रबराची गादी, बसायला सावली. दुपारी बंद असतं, चारला उघडतं. जायला काही हरकत नाही. नाव लिहीत नाही, कारण त्या दिवशी जे झालं त्यात तिथल्या कुणाची चूक होती असं मला अजूनही म्हणता येत नाही.

निघायची वेळ झाली आणि मैत्री झोपाळ्यावरून उतरेना. मी पाण्याची बाटली भरायला फाटकाबाहेर गेलो होतो. दादाने तिला उचललं तर तिने पाय झाडले, किंचाळली, "नको! मला नाही जायचं! सोड!"

मी आत आलो तोवर घोळका जमला होता. दोन आज्या, एक जॉगिंगवाला, वॉचमन, आणि एक बाई मोबाइल धरून उभी.

"बेटा, ये अंकल कौन है?" वॉचमन मैत्रीपुढे वाकून विचारत होता.

"अहो, पोरगी आहे माझी," दादा म्हणाला.

"मग ती का बोलत नाही?" मोबाइलवाली बाई म्हणाली. "बाळा, घाबरू नकोस हं. सांग, हे कोण आहेत तुझे?"

"मैत्री, सांग ना गं."

मैत्री खाली बघत राहिली. एवढे लोक, एवढे चेहरे. फ्रॉकचं टोक तोंडात घातलं. आणि मग मी दिसल्याबरोबर "काका!" म्हणून धावत येऊन माझ्या पायाला बिलगली.

ती बाई माझ्याकडे वळली. "तुमच्याबरोबर आहे का ही? मग हा माणूस कोण?"

"बाप आहे तिचा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मोबाइल काढून फोटो दाखवले, बारशाचे, बूटबागेतले, पेंग्विनचे. आज्यांनी चष्मे सारखे करून फोटो बघितले, मग दादाचा चेहरा बघितला, मग परत फोटो.

"सॉरी हं भाऊ," ती बाई म्हणाली. "आजकाल काही सांगता येत नाही."

"बरोबर केलंत ताई," दादा म्हणाला. "विचारायलाच पाहिजे." आणि मैत्रीचा निरोप न घेता फाटकातून निघून गेला.

घरी रात्री जेवला नाही. मी म्हटलं, लहान आहे रे, घाबरली. तर म्हणाला, "घाबरली ते कळतं. पण मी कोण ते तिला आठवावं लागलं." आई भांडी घासत होती, तिने नळ मोठा केला.

पुढच्या रविवारी शिवाजी पार्क. इथे कट्टा आहे, माती आहे, क्रिकेट तर इतकं की कुठला बॉल कुणाचा ते खेळणाऱ्यालाही कळत नाही. लहान मुलांना कडेकडेनेच न्या. बाहेर वडापाव, मक्याचं कणीस, सगळं मिळतं. दादा घरातून निघाला होता, मी बघितलं होतं. पण आला नाही. फोन वाजत राहिला. मैत्रीने मातीत एक घर काढलं, पुसलं, परत काढलं. मग न बघताच म्हणाली, "मी नाव नाही सांगितलं म्हणून बाबा रागावलाय का?"

"नाही गं. काम आलं असेल त्याला."

"रविवारी?"

मी तिला कणीस घेऊन दिलं. तिने हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी फाइव्ह गार्डन्सला गेलो. पाच बागा जवळजवळ आहेत, मोठी झाडं, गर्दी बेताची, म्हाताऱ्या माणसांनाही बरं. दादा तेव्हाही आला नाही. नंतर कळलं, बाजूच्या पारशी कॉलनीपर्यंत आला होता, तिथून परत फिरला. दादरला सोडायला गेलो तेव्हा आजोबांनी पहिल्यांदा नेहमीपेक्षा जास्त विचारलं.

"आले होते का?"

"नाही."

त्यांनी मैत्रीचा हात घेतला. ती जिन्यात शिरली तरी ते तसेच फाटकाशी उभे होते. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा मेसेज: "आता पुरे. ती रविवारी रात्रभर झोपत नाही. बाबा रागावलाय एवढंच बोलते. या रविवारपासून न्यायला येऊ नकोस." मी दादाला दाखवला. त्याने वाचला, फोन परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "बरंच झालं," म्हणाला. "तिला तरी सुटका."

आज तो रविवार. चार वाजून गेलेत. कुठे पोचायचं नाही, म्हणून शेवटी हे लिहायला बसलो. काय उरलं म्हणाल तर बागांची माहिती उरली, ती तुम्हाला दिली. दुपारी फाटक बंद असतं हे ध्यानात ठेवा, छोट्यांचे जास्तीचे कपडे बरोबर ठेवा. आणि कुठल्याही बागेत बघा, एखादा बाप बाकड्यावर एकटाच घड्याळाकडे बघत बसलेला असतो. मला पूर्वी असे लोक दिसायचे नाहीत. आता आधी तेच दिसतात, झोपाळे नंतर. दादा अजून तसाच पडून आहे, झोपलेला नाही. मघापासून मी त्याला चहा विचारतोय, ऐकत नाही.

एक मिनिट, खालून कुणीतरी हाक मारतंय.

शेजारच्या लतामावशी आहेत, चौकातून ओरडतायत, "अरे ए, तुमच्याकडे पाहुणे! दादरचे म्हातारे आलेत, पोरीला घेऊन!"

मी कठड्यावरून वाकून बघितलं. आजोबाच आहेत. तोच इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. एका हातात मैत्री, दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरलाय. मावशी विचारतायत, "तुमच्या लेकीला माहितीय का?" आणि ते म्हणतायत, "घरी गेल्यावर सांगेन. आधी कितवा मजला ते सांगा." मैत्री त्यांचा हात सोडून पुढे पायऱ्या चढतेय.

दादा उठून बसलाय. दोरीवरचा शर्ट ओढला, उलटा घातला, परत काढतोय. मी लॅपटॉप बंद करतो.