दोघांनी धरलेली गोधडी

शिवणाच्या मशीनच्या तेलाचा वास आला की मला वरळीच्या चाळीतली एक दुपार आठवते. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून शेजारच्या वहिनींचे यजमान तुरुंगात गेले होते. ते सुटून येतील तेव्हा दोघांना पुरेल अशी गोधडी हवी, म्हणून वहिनी जुनी लुगडी घेऊन माझ्याकडे आल्या. माझं हातमशीन अगदी लहान. गोधडीच्या कडा शिवून झाल्या, पण मधला भाग काही केल्या सुईखाली येईना. शेवटी आम्ही अर्ध्या गोधडीची घट्ट वळकटी करून मशीनच्या कमानीत सरकवली आणि बाहेर लोंबणारा भार वहिनींनी दोन्ही हातांवर तोलून धरला. शिवण अर्ध्यावर आली असेल, तोच दारात दाढी वाढलेला, वाळलेला माणूस येऊन उभा राहिला. वहिनींचे यजमानच ते! वहिनी गोधडीसकट दाराकडे वळल्या. "सोडू नका हां वहिनी, सुई मोडेल!" मी ओरडले. ते हसले, चपला काढून आत आले आणि म्हणाले, "आण इकडे, मी धरतो. तू बस जरा." वहिनी बसल्या नाहीत. दोघांनी मिळून गोधडी धरली, एकमेकांकडे बघत, आणि शिवण चांगलीच वाकडी गेली. त्यानंतर मी कितीतरी गोधड्या शिवल्या, पण न उसवता तशीच ठेवलेली वाकडी शिवण तेवढी एकच.