शाकारलेला पायलट

किस्से कोणी गोळा करत नाही, ते साचतात. माझं मालवणच्या बंदराजवळ जाळी-दोरांचं दुकान. दुकानासमोर एक बाकडं आहे. त्यावर बसणारे विकत काही घेत नाहीत, पण जाताना काहीतरी बोलून जातात. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय, म्हणून ते टिकलं एवढंच. दोन हजार आठच्या दिवाळीपासून मात्र बाकड्यावर मासळीचा विषय मागे पडला आणि विमान कंपन्यांची मंदी पुढे आली. आमच्यातल्या कोणीही तोवर विमानात पाय ठेवला नव्हता, त्यामुळे चर्चेला कसलीच अडचण आली नाही.

* * *

मंदी आमच्याकडे आली ती भाऊंच्या घरी. भाऊ ट्रॉलरवाले, त्यांचा मुलगा प्रसाद एका खाजगी कंपनीत पायलट. मुंबईहून गोव्याला जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. घरघर ऐकू आली की भाऊ बाकड्यावरून उठायचे, कपाळावर हात धरायचे आणि म्हणायचे, "आमचो प्रसाद चल्लो." कुठल्याही कंपनीचं विमान असो, चालवणारा प्रसादच. एकदा दिवसभरात त्याने इतक्या खेपा केल्या की उभी हयात होडी हाकण्यात गेलेले आमचे तात्या तांडेल न राहवून म्हणाले, "भाऊ, तुझो झील बापाशीक बघून हॉर्न कसो वाजवणा नाय?"

त्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात असंच विमान गेलं. भाऊ उठले. "आमचो प्रसाद चल्लो."

मागून आवाज आला, "बाबा, मी हंय आसंय."

प्रसाद एस.टी.तून उतरून, बॅग हातात धरून उभा होता. भाऊंचा हात कपाळावरच राहिला. तात्यांनी वर पाहिलं, मग प्रसादकडे पाहिलं. "मगे वयर कोण चलवता?"

* * *

भाऊंनी सगळ्यांना सांगितलं, पोरगा सुट्टीवर आलाय. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मान डोलावली. पुढे हळूहळू कळलं की सुट्टी बिनपगारी आहे, ती कंपनीने दिलीय आणि संपणार कधी हे कंपनीलाही माहीत नाही. प्रवासी घटले, विमानं उभी राहिली, पायलटांना "बोलावू तेव्हा या" म्हणून घरी पाठवलं.

आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि माडाच्या विणलेल्या झापांनी झाकून ठेवतात. त्याला शाकारणं म्हणतात. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "होडये पावसात शाकारतत. ह्येका दिवाळीत शाकारल्यानी."

शब्द संध्याकाळपर्यंत बाजारभर झाला. दुसऱ्या दिवशी भाजीवाली प्रसादच्या आईला अगदी आपुलकीने विचारत होती, "गो वैनी, झील अजून शाकारलेलोच?"

* * *

बाकड्यावर बाबल असायचा. एस.टी.त ड्रायव्हर, नोकरीत कायम. प्रसाद पायलट झाला तेव्हा भाऊंनी त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "तू खड्डे चुकवतस, तो ढग चुकवता." बाबलने ते मनात ठेवलं नव्हतं, असं तो स्वतःच अधूनमधून सांगायचा.

आता तो प्रसादला रोज नवा सल्ला देई. तुमचा डेपो मॅनेजर कोण, त्याला भेट. बदली माग. शेवटी म्हणाला, "तुमची युनियन नाय? संप करा. कंपनी गुडघ्यार येतली."

प्रसाद शांतपणे म्हणाला, "बाबलदा, संप करूक आधी कामार असाक व्हया."

* * *

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या पायलटांना इंग्रजी पत्राने कळवलं होतं की आपण एक कुटुंब आहोत आणि कठीण काळात कुटुंब एकत्र राहतं. एकत्र राहण्यासाठी प्रत्येकाला आपापल्या घरी पाठवलं होतं. प्रसादने ते वाचून मराठीत सांगितलं.

तात्यांचं आयुष्य भावकीच्या वाटण्यांत गेलेलं. ते एकदम सावरून बसले. "कुटुंब म्हटल्यानी? तसा लिवन दिल्यानी?"

"होय."

"मगे गप कित्या बसलंस? वाटणी माग. एक इमान तरी तुझ्या हिश्श्याक येवक व्हया."

भाऊंनी विचारलं, "आणि ठेवतलो खंय?"

"ट्रॉलरच्या बाजूक. झापां मी देतंय."

* * *

नोकरीपेक्षा मोठा घोर वेगळा होता. प्रसादचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी सावंतवाडीची, स्मिता, प्राथमिक शाळेत शिक्षिका. साखरपुडा झालेला. तिचे वडील निवृत्त मास्तर. त्यांचा फोन आला की भाऊ रेंज नाही म्हणून अंगणात जायचे आणि तिथेही रेंज नाही म्हणून परत यायचे. प्रसाद पडवीत खुर्ची टाकून बसायचा. डोळे मिटून, हवेत हात पुढे-मागे करत, इंग्रजीत पुटपुटत. कधी बोलावणं आलं तर हात विसरायला नकोत, म्हणून तो मनातल्या मनात विमान उतरवत होता. आईने हे तीन-चार वेळा पाहिलं आणि देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

देवळाचे मानकरी असलेल्या गावकारांनी नारळ पुढे ठेवून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची नोकरी अधांतरी रवली हा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. खरं तर अधांतरी असती तर गाऱ्हाण्याची गरजच नव्हती.

"त्या इमान कंपनीचो जो कोण मालक आसात, तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जी काय करणी, बाधा, मंदी आसात, ती सातासमुद्रापलीकडे टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

प्रसाद माझ्या कानाशी म्हणाला, "काका, थयसूनच इली हा ती."

* * *

शेवटी मास्तर स्वतःच आले. बरोबर स्मिता आणि मास्तरांची थोरली बहीण अक्का. अक्का गोव्यात पेडण्याला दिलेल्या. मास्तरांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं आणि त्या घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. शेजारी म्हणून भाऊंनी मला बोलावलं होतं.

चहा झाला. मास्तर शाळेतल्या मराठीत बोलू लागले, तेव्हाच मला कळलं की लग्न मोडायला आले आहेत. "भाऊसाहेब, गैरसमज नसावा. प्रसादराव घरी बसून आहेत, हे आम्हाला बाहेरून कळलं. ते कायम होईपर्यंत लग्न लांबणीवर टाकावं म्हणतो."

"कायम कधी होतले रे?" भाऊंनी मुलाला विचारलं.

"आमच्यात कोणच कायम नसता," प्रसाद म्हणाला.

मास्तरांनी सुस्कारा टाकून हात जोडायला घेतले. आतापर्यंत गप्प बसलेल्या अक्का तेवढ्यात भावावर उखडल्या. "पायलट रे कसो कायम आसतलो? आमच्या म्हापशाच्या स्टँडार इतके पायलट आसत, एक तरी कायम आसा? पावसात गिरायक कमी जाता, चवथीक परत वाढता. म्हणान तेंनी लग्ना करूक नाय?"

गोव्यात भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याला पायलट म्हणतात. साखरपुड्यापासून अक्का काय समजून होत्या, ते त्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आलं.

मास्तर घाईने म्हणाले, "अक्का, अगं हे विमा–"

"बाबा," स्मिता म्हणाली, "अक्का बोलतायत ना."

अक्का प्रसादकडे वळल्या. "मोटरसायकल भाड्याची, काय तुजी स्वताची?"

प्रसादने स्मिताकडे पाहिलं. ती खाली मान घालून कपबशा गोळा करत होती.

"माझीच, अक्का."

"मगे जाला तर," अक्का म्हणाल्या. "मुहूर्त काढा."