‘ओके’च्या दोन जन्मकथा

हे नेमकं कधी घडलं ते खात्रीनं सांगता येत नाही. दहा वर्षं झाली असतील, बाराही असतील. फजिती मात्र माझीच झाली, त्यात शंका नाही.

मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक. भाषाशास्त्रात डॉक्टरेट, त्यामुळे ‘माहीत नाही’ म्हणायची सोय उरलेली नाही. रत्नागिरीत शाळकरी मुलींची जिल्हा वक्तृत्व स्पर्धा होती; विषय ‘एका इंग्रजी शब्दाची गोष्ट’. पहिली येईल ती मुंबईच्या फेरीला जाणार. आता भाषण मुलांचं असलं तरी लिहितो शेजारचा सर, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

शेजारच्या वासंतीवहिनी गडग्यापलीकडून म्हणाल्या, “सर, आमच्या सानिकाला ‘ओके’वर एक पान लिहून द्या हो. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम.”

दोनच मिनिटांत लिहिलं : ओके हा अमेरिकेतल्या आदिवासींच्या बोलीतला शब्द. पान दिलं आणि शंका आली. हे मी वाचलं होतं, की कुणाकडून ऐकलं होतं?

दुसऱ्या दिवशी समोरची मुग्धा आली. तिलाही ‘ओके’च हवा होता. म्हटलं, पहिलं चुकलं असलं तर निदान हिचं तरी बरोबर निघू दे. तिला लिहून दिलं : लढाईत कुणी मेलं नाही की पलटण फळ्यावर ‘झिरो किल्ड’, म्हणजे ‘0 K’ लिहायची, त्याचं झालं ओके.

मग स्पर्धेच्या आयोजकांचा निरोप आला, “सर, परीक्षक म्हणून या.” नाही म्हणायला धीर लागतो.

दोघींची भाषणं झाली. माझ्या शेजारच्या परीक्षक बाईंनी त्यांना विचारलं, “एका शब्दाचे दोन जन्म? कुणी शिकवलं गो?”

दोघींनी माझ्याकडे बोट केलं.

“मग सर, खरं कुठलं?”

“दोन्ही मतं प्रचलित आहेत,” मी चष्मा पुसत म्हणालो.

तेवढ्यात पुढची स्पर्धक प्रज्ञा उठली. लांबच्या लोटे गावाहून पहाटेची एसटी पकडून आली होती. तिचाही शब्द ओकेच. म्हणाली, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी ‘ऑल करेक्ट’ गमतीनं ‘oll korrect’ असं चुकीचं लिहून त्याची आद्याक्षरं छापली, तिथून ओके आलं.

“तुला कुणी लिहून दिलं?” मी विचारलं.

“कुणी नाय सर. वाचनालयात वाचलं.”

ही खरी ठरली तर माझी दोन्ही पानं खोटी.

“थट्टेतून कुठे शब्द जन्मतात का?” असं म्हणून मी तिला दहापैकी तीन गुण दिले. पहिलं बक्षीस सानिका-मुग्धाला विभागून. मुंबईला दोघी गेल्या, प्रज्ञा लोट्याला.

काही वर्षांनी पुण्यात मुलाकडे एक जाडजूड कोश हाती लागला. त्यात प्रज्ञाचं उत्तर शब्दशः होतं. माझीही दोन्ही होती, खाली बारीक अक्षरात, ‘निराधार समजुती’ या मथळ्याखाली.