गोळीची डाय

ते प्रकरण मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी अधिकारी नव्हते. कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्यात झाडलोट करायचे, चहा द्यायचे. शिक्षण चौथी. निवृत्त झाल्यावर हे लिहून ठेवते आहे.

खबर अशी होती की उचगावातला एक लेथवाला टपरीवर फोनवर म्हणाला, "गोळीची डाय तयार हाय, घेऊन जावा." पथकाने सकाळीच छापा घातला. पंचनामा करून पाच पोलादी डाय, म्हणजे साचे, आणल्या, आणि त्यालाही.

"साहेब, मी पैंजणाची कामं करतो," तो सांगत होता. "पाचवी एका पावण्यानं नमुना म्हणून दिली. असलीच करा म्हणाला. कशाची, ठावं न्हाय."

"मघाशी गोळी, आता पैंजण व्हय?" हवालदार म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मंगळसूत्रावर येशील."

त्याची बायको फाटकाशी उभी होती. हत्यार कायद्याखाली गुन्हा नोंदला की नवरा आत जाणार होता.

माझं माहेर चांदीकामातलं. घुंगरात वाजणाऱ्या मण्याला आम्ही गोळीच म्हणतो. पण साहेबांपुढं जीभ उचलेना. कप उचलत मी घुटमळले.

"मावशी, काही सांगायचंय का?" साहेबांनी विचारलं.

"घुंगरातल्या मण्याला गोळीच म्हणत्यात, साहेब," म्हणत मी चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद एकेका डायमध्ये बोटाने दाबला. चारींत अर्धी गोळी उमटली. पाचवी आरपार पोकळ होती, आत बाटलीसारखी मान. साहेबांनी सरावातलं रायफलचं रिकामं काडतूस शेजारी धरलं. घाट तोच. काडतूस पुन्हा भरायचं असलं की असल्या डायमधून दाबून मापात आणतात, असं ते म्हणाले.

"म्हणजे घावला की," हवालदार म्हणाले.

"डाय घावली. मालक बघू."

लेथवाल्याकडून पावण्याला फोन करवला. दुपारी लेथवाल्याच्या शेडमध्ये पाचही डाय ओळीने मांडल्या. साहेब साध्या कपड्यांत गिऱ्हाईक होऊन बसले. लेथवाला पढवल्याप्रमाणे म्हणाला, "घोटाळा झालाय, पावणं. तुमची कुठली, निवडा." पावण्याने चारींकडे पाहिलंही नाही. पाचवी उचलली, फुंकर मारली, उजेडाला धरली. "हीच. जोडीची झाली?"

लगेच ताब्यात घेतला. पावण्याच्या घरात भरलेली काडतुसंही मिळाली. लेथवाला साक्षीदार झाला.

शब्द ज्या धंद्यातला, त्या धंद्याच्या माणसाला विचारावा, एवढं मी त्यातून शिकले. संध्याकाळी लेथवाल्याची बायको माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उठवलं. म्हटलं, "माझ्या न्हाय, बाई. साहेबांनी इचारलं, म्हणून मी बोलले."