पान उलटण्याआधी

आज सोसायटीत पुन्हा पाणी नाही. ग्रुपवर मी लिहिलं, "दहाला गेटपाशी या, वॉर्ड ऑफिसात जाऊ." अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला आणि दहाला गेटपाशी मी एकटी! शेजारी रद्दीवाला गठ्ठा बांधत होता. जुन्या कागदाचा वास आला आणि बिबवेवाडीतलं मोफत वाचनालय आठवलं.

तिथे वर्तमानपत्रं उतरत्या लाकडी स्टँडवर लावलेली असत. एका पानासमोर दोघं-तिघं उभे राहत आणि इतरांना विचारल्याशिवाय पान उलटायचं नाही, अशी रीत होती. कॉलेजच्या घाईत एकदा मी ते तसंच उलटायला गेले, तर शेजारच्या काकांनी पानावर हात ठेवला. "घाई असेल तर पेपर विकत मिळतो. इथे आम्हीही वाचतोय."

चडफडत तेच पान मी पुन्हा वाचलं. कोपऱ्यात बातमी होती, आमच्या भागात पाणी एकच वेळ येणार.

"काका, हे बघितलंत?"

त्यांनी ती मोठ्याने वाचली. बाकीच्या स्टँडवरची डोकी वळली. एकमेकांची नावंही माहीत नसलेले आम्ही सगळे तसेच वॉर्ड ऑफिसात गेलो आणि साहेबांना खुर्चीतून उठवलं.

आता तिथे अभ्यासिका आहे. ज्याला त्याला प्लायवूडचा कप्पा, कानात इअरफोन.

मोबाइल वाजला. अजून एक अंगठा. नाव ओळखीचं वाटेना, म्हणून फ्लॅट नंबर बघितला. माझ्या दारासमोरचाच निघाला.